दसऱ्याच्या दिवशीचा फ्यूज

गाडीला जादा सॉकेट बसवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारायचो. चावी काढल्यावरही चालू राहायला हवा, की चावीबरोबर बंद व्हायला हवा? बहुतेकजण माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मोबाईल लावला की चार्ज झाला पाहिजे, त्यात चावीचा संबंध काय, असा त्यांचा चेहरा व्हायचा. मग मी हातातलं काम बाजूला ठेवून समजावून सांगायला बसायचो. घरात हिचं म्हणणं असं, की मला वायरी जोडण्यापेक्षा समजावून सांगण्याचीच हौस जास्त. ते खोटं नाही, म्हणून इथेही आधी समजावूनच सांगतो.

गाडीत करंट दोन तऱ्हेचा असतो. एक बॅटरीतून सरळ येणारा, तो कायम जिवंत. दुसरा चावी फिरवली तरच येणारा, त्याला आम्ही चावीवरचा करंट म्हणतो. जादा सॉकेट पहिल्या करंटावर टाकणं सोपं. पण मग गाडी उभी असतानाही सॉकेट बॅटरी पीत राहतो आणि सकाळी गाडी ढकलायला शेजारी लागतात. म्हणून तो चावीवरच्या करंटावर टाकायचा. तिथली कंपनीची वायर बारीक असते, तिच्यावर भार द्यायचा नाही. तिच्याकडून फक्त हुकूम घ्यायचा आणि खरा करंट बॅटरीपासून जाड वायरीने आणायचा. हुकूम घेऊन करंट सोडणारी डबी ती रिले. ड्रायव्हरच्या हाताशी एक छोटा स्विच द्यायचा, म्हणजे नको तेव्हा सॉकेट बंद ठेवता येतो. आणि बॅटरीतून वायर निघाली की वीतभर अंतरातच फ्यूज बसवायचा. फ्यूज म्हणजे नखापेक्षा थोडा मोठा रंगीत प्लास्टिकचा तुकडा, आत पातळ पट्टी. भार जास्त झाला की ती पट्टी वितळते आणि बाकीची गाडी वाचते.

कारापूरचे एक गृहस्थ हे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ता सगळा खरा, पण माका कायम चालू जाय." मी हात जोडले, तरी ऐकेनात. शेवटी दिला लावून. नंतर कितीतरी सकाळी त्यांचा फोन यायचा, "दत्ताराम, गाडी उठना." मी बॅटरी घेऊन जायचो, उठवून यायचो. मला मनातून बरं वाटायचं. आपलं म्हणणं खरं ठरलं की माणसाला बरं वाटतंच, आणि मला तर जरा जास्तच वाटतं.

असे किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत. दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा मी त्याच लिहिल्या होत्या. लेख तयार होता. पण मध्ये दसरा आला आणि तो लेख मी मागे ठेवला. त्यात मी फारच शहाणा दिसत होतो.

माझं दुकान गोव्यात डिचोलीत, राहत्या घरालाच लागून. आता ते जवळजवळ बंदच आहे, ओळखीची कामं तेवढी करतो. सुरुवात झाली ती खाणीच्या ट्रकांवर. त्या काळात डिचोलीत कुठल्याही घरात जा, कोणी ट्रकचा मालक, कोणी ड्रायव्हर, कोणी टायरवाला. रस्ता लाल, झाडं लाल, दोरीवर वाळत घातलेली धोतरंसुद्धा लाल. मी त्या ट्रकांचे दिवे, हॉर्न, डायनामो बघायचो. आयुष्यात पहिलं जादा कनेक्शन काढून दिलं तेही ट्रकलाच, आणि तो ट्रक केशवचा होता.

केशव मूळचा पेडण्याचा. खाणीच्या कामासाठी डिचोलीत आला आणि इथेच बिऱ्हाड थाटलं. माझ्याहून वयाने मोठा, पण आमचं अरेतुरेचं. त्याला केबिनमध्ये पंखा हवा होता. काच उघडी ठेवली की खनिजाची धूळ आत आणि बंद केली की उकाड्याने जीव जायचा. मी डॅशबोर्डावर छोटा पंखा लावून दिला. काच बंद ठेवली तरी धूळ कुठून कुठून आत यायचीच, आणि आता ती पंख्याने आतल्या आत गरगर फिरायची. माझी मलाच लाज वाटली. पण केशवने ट्रकांच्या साऱ्या लायनीत सांगितलं, "दत्तान माका एसी लावन दिलो." त्याला कौतुक करायची खोडच होती. ज्याचं करायचा त्याला कधी कधी ते पेलवायचं नाही.

ह्याच केशवची दुसरी एक गोष्ट ड्रायव्हरांमध्ये नेहमी सांगितली जायची. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहतात. दसरा सरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ड्रायव्हरांचं हत्यार म्हणजे ट्रक. एका दसऱ्याला सुपरवायझर धावत आला, जेटीवर खनिज न्यायची बार्ज खोळंबली आहे, एक खेप टाक म्हणाला. केशवने ट्रकची चावी नेऊन देवापुढे ठेवली आणि म्हणाला, "पुजलेली गाडी आज चलची नाय. उद्या कामार घेव नका जाल्यार." सुपरवायझरने खरंच त्याला काही दिवस घरी बसवलं. केशवने तक्रार केली नाही. मला त्याचा फार आदर वाटला होता. तेव्हापासून मीही दसऱ्याला पक्कड, टेस्टर, सोल्डरिंगचं लोखंड सगळं पाटावर मांडू लागलो, आणि कोणी काम घेऊन आलंच तर केशवच्याच थाटात नाही म्हणू लागलो.

पुढे खाणी बंद पडल्या. ट्रक जिथल्या तिथे उभे राहिले, त्यांच्या चाकांतून गवत वर आलं. मी गाड्यांकडे वळलो. केशवच्या हाती मात्र नवं काही लागलं नाही. आधी खोकला, मग धाप, मग डॉक्टरांनी ऑक्सिजनच्या मशिनीवर ठेवलं. घरी मोठी मशीन होती, बाहेर न्यायला खांद्याला अडकवायची लहान. लहानीची बॅटरी जुनी झालेली, लवकर उतरायची. त्याची मुलगी शैला शाळेत शिकवते, गाडी तीच चालवते. एक दिवस ती गाडी घेऊन आली आणि म्हणाली, "दत्ताकाका, मागच्या सीटीर सॉकेट जाय. बाबांची मशीन गाडयेत चलूक जाय."

ते काम मी जीव ओतून केलं. रिले, जाड वायर, स्टिअरिंगजवळ दिवा असलेला स्विच, मागे झाकणाचा सॉकेट, त्यातही बारीक लाल दिवा. केशव मागच्या सीटवर बसला, मशीन लावली, घर्रघर्र सुरू झाली. नाकातली नळी सारखी करून तो म्हणाला, "दत्ता, आता दसऱ्याक माका गावाक जावपाक कोण आडायता बघतंय."

गावाला जाण्याचं त्याला एवढं अगत्य का, ते सांगायला हवं. पेडण्यातल्या त्याच्या गावात दसऱ्याला देव शिवेवर आपट्याच्या झाडापाशी जातो. तिथे पहिलं पान तोडायचा मान केशवच्या घराण्याचा, आणि तो घरातल्या सर्वांत मोठ्या पुरुषाने करायचा. त्याने पान तोडून देवाला वाहिल्याशिवाय गावात कोणी सोनं वाटत नाही. मागचे एक-दोन दसरे आजारपणामुळे हुकले होते. धाकट्या भावाने पान तोडलं होतं, पण ते केशवच्या मनाला लागून राहिलं होतं. ह्या खेपेला तो जाणार म्हणजे जाणारच होता.

हे गेल्या वर्षीचं. दसऱ्याच्या सकाळी मी आंघोळ करून नवा शर्ट घातला होता. हिचा भाऊ कुटुंबासह जेवायला आला होता. आत पुरणाचा वास सुटला होता, पानं मांडायला सुरुवात झाली होती. तेवढ्यात दारात हॉर्न वाजला. शैलाची गाडी, पुढे झेंडूचा हार, मागच्या सीटवर धोतर नेसून, टोपी घालून केशव.

शैला उतरून आली. "काका, मागलो सॉकेट लागना. काल आमच्या ह्यांनी थय टायरात वारो भरूचो पंप लायलेलो, तेव्हापासून मेलोच."

मी विचारलं, "पुढल्या स्विचाचो दिवो लागता?"

"तो लागता."

एवढ्यावर मला कळलं. हुकूम पोचत होता, करंट येत नव्हता. टायरचा पंप भार फार ओढतो. फ्यूज गेला होता, दुसरं काहीही नव्हतं. गाडीचं बॉनेट उघडायचं, बॅटरीजवळच्या डबीचं झाकण बोटाने काढायचं, जळलेला फ्यूज नखांनी उपटायचा आणि नवा दाबून बसवायचा. त्याला पक्कड लागत नाही, टेस्टर लागत नाही. नवे फ्यूज दुकानाच्या खिडकीत, बरणीत होते.

पण बॉनेटखाली हात घातला की बाही काळी होणार. बॉनेट उघडल्यावर केशव आणखी दोन गोष्टी विचारणार, मला समजावून सांगायचा मोह होणार, आत पुरणपोळ्या निवणार आणि मेव्हणा मनातल्या मनात हसणार. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं. आणि मी तोंड उघडलं तेव्हा त्यातून देव बाहेर पडला.

"शैला, आज हत्यारांक हात लावचो नाय गो. पुजलेली आसत."

शैलाने हात जोडले. "काका, दुसरी दुकानां सगळी बंद. बाबांच्या मशिनीची बॅटरी थोडीच आसा."

मी काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून केशवचा आवाज आला. तुटक, पण ठाम. "शैला, ताका आग्रह करू नको. पुजलेल्या हत्याराक हात लावक सांगतस? दत्ता बरोबर बोलता. चल, जाता थयपर्यंत जाता." आणि माझ्याकडे बघून तो हसला. जुना ड्रायव्हर जुन्या ड्रायव्हराकडे बघून हसतो तसं.

त्या वेळीही मी म्हणू शकलो असतो की थांबा, फ्यूजच आहे. पण केशवचं ते हसणं बघितल्यावर माघार घेणं आणखी कठीण झालं. मी हात जोडले, त्यानेही जोडले. गाडी गेली. मी आत येऊन पानावर बसलो. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, नेम म्हणजे नेम." मी आणखी एक पोळी वाढून घेतली. ती मला आठवते.

जेवण उरकून आम्ही पडवीत पानसुपारी करत बसलो होतो, तेव्हा तीच गाडी उलट्या दिशेने गेली. हार वाऱ्याने एका बाजूला गेलेला. शैला सरळ पुढे बघत होती, फार जोरात चालवत होती. मी उठून रस्त्यावर आलो, तोवर ती दिसेनाशी झाली.

संध्याकाळी फोन करून विचारलं. पेडण्याच्या वाटेवर, अस्नोड्याच्या पुढे, मशीन शीळ घालायला लागली आणि बंद पडली. केशवचे ओठ काळे पडले, तरी तो पुढे चल म्हणत होता. शैलाने ऐकलं नाही, गाडी फिरवली. आता घरच्या मशिनीवर आहे, बरा आहे. शैलाचा आवाज कोरडा होता. "गावांत तांणी खूप वेळ वाट बघितली. मागीर धाकट्या काकांनी पान तोडला."

दुसऱ्या दिवशी शैला आणि केशव दोघं गाडी घेऊन आली. डॉक्टरांकडे जायचं होतं, वाटेत सॉकेट बघून घ्या म्हणाली. माझी हत्यारं अजून पाटावरच होती, कुंकू सुकलेलं, फुलं मलूल झालेली. ती उचलून आणावी, चार वायरी सोडवाव्यात, काहीतरी मोठं बिघडलं होतं असं दाखवावं, हे माझ्या मनात आलं. खरंच आलं. पण हात धजला नाही. मी बॉनेट उघडलं, झाकण काढलं, नखांनी फ्यूज उपटला, नवा दाबला. मागे लाल दिवा लागला.

शैला माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्या बोटांकडे बघितलं, मग दुकानाच्या दारातून आत पाटावरच्या हत्यारांकडे बघितलं.

"हत्यार लागलाच नाय, काका?"

"फ्यूज गेलेलो," मी म्हणालो.

"फ्यूज," ती म्हणाली. बस, एवढंच.

मागून केशव ओरडला, म्हणजे त्याला जमेल तेवढं ओरडला. "जाला? इतक्यात जाला? बघ शैला, हात कसो आसा ताचो!"

लाज वाटणे, मान खाली जाणे, जमीन दुभंगून पोटात घ्यावी असं वाटणे, हे सगळं मी आजवर वाचलं होतं. त्या दिवशी बॉनेट धरून उभा असताना ते अंगावर आलं. मी खरोखर नेमासाठी नाही म्हटलं असतं, तर वाईट वाटलं असतं, लाज वाटली नसती. केशवने चावी देवापुढे ठेवली होती तेव्हा त्याने स्वतःची रोजी ठेवली होती. मी दुसऱ्याचा श्वास ठेवला, आणि तोही एका शर्टासाठी.

पुढे जे झालं ते ह्याहून वाईट. केशवने माझं कौतुक सुरू केलं. डॉक्टरांच्या खोलीबाहेर, बाजारात, घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला. तो सांगायचा, माझा दोस्त इतका जुना, माझा जीव कासावीस होत होता, तरी पुजलेल्या हत्याराला हात लावला नाही, असा माणूस आज मिळायचा नाही. लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे. एका देवळाच्या कमिटीने तर माझ्या हस्ते आरती करून घेतली. मी ताम्हण धरून उभा राहिलो आणि निरांजनाच्या उजेडात मला माझी नखंच दिसत होती.

पावसाळ्यात मी एकदा मनाशी ठरवून केशवच्या घरी गेलो. सगळं सांगून टाकायचं. तो खाटेवर बसलेला, नळी लावलेली. मी "केशव, त्या दिवशी" एवढं म्हटलं, तोच त्याचा चेहरा उजळला आणि त्याने सुपरवायझरची गोष्ट काढली. एक वाक्य, मग दम, मग दुसरं वाक्य. शेवटी तो म्हणाला, "पयलो हांव, नि दुसरो तू. तिसरो कोण मेळचो नाय." मी त्याच्या पायावरची चादर सारखी केली आणि परत आलो. शैला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ते सगळं ऐकलं होतं. तिने वडिलांना काही सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी.

गणेशचवथीच्या आधी केशव गेला. बाराव्याला पेडण्याचा त्याचा भाऊ मला भेटला. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "दादा तुमचा नाव घेय नाय असो दिवस नाय." मी हात सोडवून घेतले. शैलाने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाजूला झाली.

ह्या वर्षी खंडेनवमीला मी हत्यारं मांडली. मांडावीत की नाही ह्यावर बराच घोळ घातला, पण त्या पक्कडीने माझं काय वाईट केलं होतं? फ्यूजची बरणी मात्र पाटावर ठेवली नाही. दसऱ्याला नवा शर्ट घातला नाही. हिने विचारलं, तर अंगाला टोचतो म्हणून सांगितलं.

सकाळी दारात हॉर्न वाजला. तीच गाडी, तसाच हार. शैला एकटीच होती, गावाला निघाली होती. इंजिन चालू ठेवून ती काच खाली करून म्हणाली, "काका, सॉकेट लागना."

मी तसाच धावलो. बरणी उचलली, बॉनेट उघडलं, झाकण काढलं. फ्यूज चांगला होता. उजेडात धरून बघितला, पट्टी शाबूत. परत बसवला. मग दार उघडून आत वाकलो आणि स्टिअरिंगजवळ बघितलं. स्विचच बंद होता.

तो आपोआप बंद होत नाही. मी बसवला आहे, मला ठाऊक आहे. मी शैलाकडे बघितलं. ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती. मी स्विच दाबला. मागच्या रिकाम्या सीटजवळ लाल दिवा लागला.

"शैला," मी म्हणालो, "गेल्या दसऱ्याकय माका कळलेला. फ्यूज आसा म्हणान."

"माका ठावक आसा, काका."

बाही काळी झाली होती. मी ती पुसतही नव्हतो. तिने गिअर टाकला, पण गाडी लगेच सोडली नाही.

"बाबा आज आसते तर तुमच्यार रागावले आसते," ती म्हणाली. "दसऱ्याक कामाक हात लायलो म्हणान."

ती हसत नव्हती आणि रागावलेलीही नव्हती. मग गाडी पेडण्याच्या वाटेला लागली, आणि मी हातात फ्यूजची बरणी घेऊन रस्त्यात उभा राहिलो.